गुरुवारची बोट

एल्सिरा चार महिन्यांची असताना
पुएर्तो मोन्तच्या डॉक्टरांनी कागदावर डोळा काढला,
मागची नस बारीक राहिलीय म्हणाले,
आणि पेनाला टोपण लावलं.
टोपणाचा तो टक्
आमच्यासोबत बोटीनं चिलोएला आला,
घराच्या लाकडी खवल्यांत कुठंतरी जाऊन बसला.

मी शिंपल्यांच्या दोऱ्या ओढणारा माणूस.
बायको म्हणते, तुझ्यापेक्षा ओहोटी बोलकी.
संध्याकाळी दारात उभा राहायचो
आणि पोर, तोवर चुळबुळणारी, हुंकारणारी,
एकदम गप्प व्हायची.
हात छातीशी. मान कलती.
ओंडक्यासारखी.
वाटायचं, हिला मी नकोय.
मग मी बूट अंगणातच काढून
मागच्या दारानं यायला लागलो.
हे कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारच्या बोटीनं ओर्तेन्सिया मियालोन्को येते.
पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही टेबलावर ठेवणीतलं कापड घातलं,
वाटलं, काही नाही तर इवलासा चष्मा तरी काढेल.
तिच्या पिशवीतून निघालं
पातेल्याचं झाकण, कच्च्या लोकरीचा गुंडा,
एक लिंबू आणि वाळूनं अर्धं भरलेलं डबडं.
सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या,
एवढ्यासाठी समुद्र ओलांडला?

ती जमिनीवर बसली. बराच वेळ काहीच केलं नाही.
मग ब्लांकाला विचारलं,
सलग झोपलीस त्याला किती दिवस झाले?
ब्लांका रडली.
चहा गार झाला, बाईनं तो तसाच प्यायला.
त्या दिवशी पोरीसाठी झालं ते एवढंच:
उचलण्याआधी नाव घ्या, दंडाला हात लावा.
नाहीतर तिच्या जागी बसून बघा,
झोपेत कुणीतरी न सांगता उचलतं
आणि तुमच्याखालची जमीन काढून घेतं.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी वारा सुटला,
बंदर बंद झालं.
मी दुपारीच परतलो, मागच्या दारानं, मोज्यांवर.
बाई अडकून पडलेली, बटाटे सोलत बसलेली.
म्हणाली, स्वतःच्या घरात चोरासारखा का येतोस?

आता काय लपवायचं.
सांगून टाकलं, सासूबाईंसमोर,
मोज्याच्या भोकातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत.
कुणी हसलं नाही. सुरी तेवढी थांबली.
पुढच्या दारानं ये, बाई म्हणाली, बूट घालून.
आणि तिच्या तोंडाकडे बघू नकोस. हात बघ.

गेलो बाहेर. वाऱ्यात उभा राहिलो खुळ्यासारखा.
तीन पायऱ्या. तिसरी करकरते.
दार उघडलं.
पोर गप्प झाली.
मी हात बघितले.

मिटलेली बोटं उघडत होती,
आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं,
अंगावर भरतीचं पाणी आलं की शिंपला फट पाडतो, तशी.
इतकी वर्षं शिंपले हाताळतोय,
मला हे कळायला हवं होतं.
ती गप्प बसत नाही रे, बाई म्हणाली,
ती तुला बघते.
ब्लांकानं पदर नसलेल्या हातांनी काय करावं ते न कळून
सोललेले बटाटे पुन्हा धुवायला घेतले.

बोलका मी अजून झालो नाही.
दाराशी बूट दोनदा आपटतो,
चिखल पडतो, सासूबाई करवादतात.
एल्सिराशी काय बोलावं सुचत नाही
म्हणून दिवसाचा हिशेब सांगतो:
आज एकोणीस दोऱ्या, दोन तुटल्या,
फोरमन नेहमीसारखाच.
ती माझी दाढी मुठीत धरते,
डिझेलचा वास नाकाशी घेते,
शिंकते.

तो टक् गेलाय असं नाही.
रात्री लाकूड आकसतं तेव्हा ऐकू येतो,
पुढं काय, शाळा कुठं, आमच्यामागं कोण.
तिलाही येत असणार, तिचे कान.
आज सकाळी तिनं झाकणावर चमचा आपटला.
मी विचारलं, काय गं?
थांबली.
पुन्हा आपटला.